मायसेल्फला हसणारे

गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवार. हापिसात भरतीचा कार्यक्रम होता. म्हणजे हक्काची सुट्टी गेली आणि बदल्यात काय, तर गार झालेले पनीर पफ आणि मशीनचा चहा. मुलाखत घ्यायला आम्ही तिघं. दोघं माझे सीनियर आणि तिसरा मी, ज्याला 'टेक्निकल तू बघ रे' असं सांगून बसवलेलं.

चौथा मुलगा आत आला. इस्त्रीचा शर्ट, फाईलला कव्हर, कपाळावर घाम. बसायच्या आधी तिघांना वेगवेगळं गुड मॉर्निंग घातलंन. सीनियरने नेहमीचा प्रश्न टाकला, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." आणि तो म्हणाला, "सर, मायसेल्फ अमुक तमुक, फ्रॉम परभणी डिस्ट्रिक्ट."

झालं. डावीकडच्याने माझ्याकडे बघून भुवई उडवली. उजवीकडचा एकदम लॅपटॉपमध्ये घुसला, खांदे हलत होते. आणि मी? मीही हसलो. आवाज न करता, पण हसलो.

पुढची वीस मिनिटं तो मुलगा मस्त बोलला. डेडलॉकच्या चारही अटी फळ्यावर मांडल्या, त्यातली कुठली एक मोडली की गाठ सुटते ते स्वतःच्या प्रोजेक्टमधलं उदाहरण देऊन दाखवलं. आदल्या तिघांपैकी एकालाही ते जमलं नव्हतं. तो बाहेर गेल्यावर फॉर्मवर 'कम्युनिकेशन: बिलो अॅव्हरेज' असं पडलं. "क्लायंटसमोर मायसेल्फ म्हणाला तर?" हे कारण. तिघांच्या सह्या. त्यात माझीही.

संध्याकाळी कॅबमध्ये बसलो तर मेल आली. ज्यांनी 'बिलो अॅव्हरेज' लिहिलं त्यांचीच. "काइंडली सेंड युवर फीडबॅक टु द एचआर टीम अँड मायसेल्फ."

मी ती मेल तीनदा वाचली. वीस जणांना गेली होती. कुणाची भुवई उडाली नाही, कुणाचे खांदे हलले नाहीत.

तर मंडळी, आजचा विषय हा. मायसेल्फ.

आधी कबुली देऊन टाकतो. मीही ह्याच एसटीतून आलोय. राज्यात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतरची माझी बॅच. म्हणजे पाचवीत जाऊन एबीसीडी गिरवणाऱ्या आमच्या काकालोकांपेक्षा आमचं नशीब चांगलं. तरी कॉलेजातल्या पहिल्या मुलाखतीत मीही 'मायसेल्फ' म्हणूनच सुरुवात केली होती. समोरचे हसले. मला वाटलं माझं आडनाव विनोदी आहे. खरं कारण हॉस्टेलवरच्या एका मित्राने दोन दिवसांनी सांगितलं, तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आजही तो प्रसंग आठवला की होतात. म्हणजे त्या शनिवारी हसायचा हक्क तिघांपैकी सगळ्यात कमी कुणाला असेल, तर मला.

आता हा मायसेल्फ आपल्या तोंडात बसतो कुठून? माझा अंदाज सांगतो, पटतो का बघा.

एक, शाळेतला निबंध. 'माय स्कूल', 'द काऊ' आणि 'मायसेल्फ'. दहा ओळी. वहीच्या वर मोठ्या अक्षरात 'मायसेल्फ', खाली नाव, गाव, वडिलांचा धंदा. सहा वर्षांच्या पोराला काय कळणार? त्याच्या डोक्यात जोडणी होते की स्वतःची ओळख द्यायची म्हणजे 'मायसेल्फ' लिहून पुढे नाव.

दोन, प्रश्नच तसा असतो. समोरचा विचारतो 'अबाउट युवरसेल्फ'. मराठीत 'तुझं नाव?' ह्याला 'माझं नाव अमुक' म्हणतात. 'तुझं'चं 'माझं' केलं की उत्तर सुरू. त्याच हिशेबाने 'युवरसेल्फ'चं 'मायसेल्फ' होतं. लॉजिक चोख आहे हो! चुकलंय फक्त उत्तर.

तीन, मराठीत 'मी अमुक' एवढं पुरतं. 'आहे' लागत नाही. ते तसंच उचलून 'आय अमुक' म्हणावं तर एवढंसं 'आय' तोंडात उभंच राहत नाही. 'मायसेल्फ' कसं भारदस्त वाटतं!

म्हणजे ह्या चुकीमागे आळस नाही. शिकवलेल्या गोष्टी प्रामाणिकपणे जोडल्याचा हा परिणाम आहे.

पण चूक ती चूकच, आणि ती सुधारायला दहा मिनिटं लागतात. बघा.

वाक्यात जो करतो तोच भोगतो, तेव्हा 'सेल्फ'वालं सर्वनाम येतं. 'आय कट मायसेल्फ', मी मलाच कापून घेतलं. 'ही कट मी', कापणारा वेगळा, म्हणून साधं 'मी'. (हा इंग्रजीतला 'मी' म्हणजे मराठीतला 'मला'. इथेच अर्धा महाराष्ट्र सहावीत गारद होतो.) थोडक्यात मायसेल्फ म्हणजे पॉइंटर. तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते त्याच वाक्यात असायला लागतं. 'मायसेल्फ अमुक'मध्ये पॉइंटर आहे, पण ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो 'आय'च गायब. हवेत बोट.

दुसरा उपयोग, जोर द्यायला. 'आय मायसेल्फ टेस्टेड इट', मी स्वतः टेस्ट केलंय. इथे मायसेल्फ काढून टाका, वाक्य उभं राहतं. फक्त जोर जातो. तिसरा, 'बाय मायसेल्फ', म्हणजे एकट्याने. संपलं. रोजच्या कामाला एवढे तीन पुरतात.

गंमत म्हणजे हे मराठी व्याकरणात आपण आधीच शिकलेलो असतो. सर्वनामांचे सहा प्रकार आठवतात? त्यातला शेवटचा आत्मवाचक. आपण, स्वतः. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा, तो झोपेत सांगेल की आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या सुरुवातीला येत नाही. 'तो आपणहून आला' चालतं, कारण आधी 'तो' आलाय. सुरुवातीलाच 'आपण' आलं की ते पुरुषवाचक, म्हणजे आपण सगळे. इंग्रजीतही तसंच, कर्त्याच्या खुर्चीवर एकटा मायसेल्फ बसत नाही. आमच्या क्लासमध्ये इंग्रजीच्या सरांनी हे एका वाक्यात सांगितलं असतं तर दोन दिवस कान गरम झाले नसते. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही आणि मराठीच्या तासाला इंग्रजीचं नाव काढायचं नाही! दोन खोल्यांमध्ये एकच नियम दोनदा शिकवला जातो आणि मधली भिंत कुणी पाडत नाही.

(प्रोग्रामरांसाठी युक्ती: पायथनमध्ये सेल्फ पहिला येतो, इंग्रजीत पहिला येत नाही. पाठ करा.)

आता वळूया साहेबांच्या मायसेल्फकडे. 'एचआर टीम अँड मायसेल्फ'. ह्याची तपासणी तर फारच सोपी. सोबतचा माणूस काढून टाका. 'सेंड युवर फीडबॅक टु मायसेल्फ.' कसं वाटतंय? पाठवणार तुम्ही, मिळणार साहेबांना, मग मायसेल्फ कशाला? साधं 'टु मी' हवं. 'प्लीज कॉन्टॅक्ट अमित ऑर मायसेल्फ', 'जॉन अँड मायसेल्फ विल जॉइन द कॉल', सगळं ह्याच माळेतलं. चूक तीच आहे. बोट आहे, पण त्या वाक्यात 'आय' नाही.

ही चूक येते भीतीतून. लहानपणी 'मी अँड राजू वेंट' म्हटल्यावर कॉन्व्हेंटमधल्या बाई ओरडल्या की 'राजू अँड आय' म्हण. पोराने धडा घेतला की 'मी' हे गावंढळ. मोठेपणी 'बिट्वीन यू अँड आय' म्हणू लागला. मग ते चूक आहे असंही कुणीतरी सांगितलं. आता 'आय'ही धोक्याचं, 'मी'ही धोक्याचं. मधला मार्ग म्हणून मायसेल्फ. लांब, गोल, कोट-टायवाला शब्द. हा रोग फक्त आपल्याकडचा नाही बरं, आमचे अमेरिकेतले क्लायंटही सर्रास असंच लिहितात.

म्हणजे परभणीचा मुलगा 'आय' अपुरं वाटतं म्हणून मायसेल्फ म्हणतो आणि साहेब 'मी' गावंढळ वाटतं म्हणून मायसेल्फ म्हणतात. दोघांच्याही मनात चुकू नये हीच धडपड. एकाला त्यासाठी नोकरी नाकारली जाते, दुसरा ती नाकारण्याच्या फॉर्मवर सही करतो.

इथे एखादा इंग्रजीचा जाणकार म्हणेल, अहो, साहेबांचं तितकं चूक नाही. आणि तो खोटं बोलत नाहीये. मेरियम-वेबस्टरचा इंग्रजी वापराचा कोश १९८९ साली निघाला. 'आय' किंवा 'मी'च्या जागी 'मायसेल्फ' वापरणाऱ्या चांगल्या चांगल्या लेखकांची उदाहरणं त्यात दिली आहेत. शेकडो वर्षं लोक असं लिहीत आलेत. आणखी मागे जा. जुन्या इंग्रजीत 'सेल्फ' हा नुसता जोर द्यायचा शब्द होता. 'त्याने त्याला मारलं' आणि 'त्याने स्वतःला मारलं' ह्या दोन्हींना साधं सर्वनाम चालायचं. आजचा कडक नियम नंतर हळूहळू बसत गेला.

आणि बसला तोही कसा वाकडातिकडा! मायसेल्फ, युवरसेल्फ, अवरसेल्व्ज ह्यांत पुढे 'माझं, तुझं, आमचं'. मग 'हिजसेल्फ' हवं ना? पण नाही, तिथे 'हिमसेल्फ'. 'देअरसेल्व्ज' हवं, तिथे 'देमसेल्व्ज'. आमच्या टीममध्ये कुणी असा एपीआय लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये फाट्यावर मारला असता. इंग्लंड-अमेरिकेतल्या बोलींमध्ये 'हिजसेल्फ' म्हणणारे लोक आहेत. त्यांना अडाणी समजतात, खरं तर त्यांचा हिशेब जास्त सरळ आहे. आयर्लंडमध्ये तर नुसतं 'हिमसेल्फ' म्हणजे घरचा धनी किंवा साहेब. 'इज हिमसेल्फ इन?' आपल्याकडे आज्या विचारायच्या ना, 'स्वारी आली का?' तसंच. तिथेही बोट हवेतच आहे, पण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कुणाबद्दल चाललंय ते बरोबर कळतं. त्याला आपण आयरिश बोलीचा गोडवा म्हणतो.

हाच माझा मुद्दा आहे. साहेबांच्या मायसेल्फला कोशाचा आधार मिळतो, आयरिश माणसाच्या हिमसेल्फला गोडवा मिळतो, आणि परभणीच्या मायसेल्फला काय मिळतं? भुवई. कोट्यवधी लोक रोज म्हणतात आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं, एवढं त्याच्याही बाजूने आहे की. सवलत द्यायची तर सगळ्यांना द्या, नियम लावायचा तर सगळ्यांना लावा. एकाला कोश दाखवायचा आणि दुसऱ्याला दार, ह्याला व्याकरण म्हणत नाहीत. ह्याला कोण कुठल्या शाळेतून आलाय ते हुंगणं म्हणतात.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांकडे. त्यांचं म्हणणं, "सोड ना यार, भावना पोहोचल्या ना? मग व्याकरण काय चाटायचंय?" मला हेही पटत नाही. कारण कधी कधी भावना पोहोचत नाहीत.

आमच्याच एका जुन्या प्रोजेक्टमधला किस्सा. प्रोसेसच्या कागदात कुणीतरी लिहिलं होतं की डेव्हलपर्स 'देमसेल्व्ज' कोडचा रिव्ह्यू करतील. म्हणायचं होतं एकमेकांच्या, म्हणजे 'ईच अदर्स'. क्लायंटच्या ऑडिटरने तेवढंच वाक्य पिवळं करून विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक जण आपलाच कोड तपासून पास करतो?" त्या एका शब्दापायी दोन आठवडे खुलासे चालले होते. मराठीत 'स्वतःचा' आणि 'एकमेकांचा' ह्यात कुणी गोंधळ घालत नाही. 'त्यांनी स्वतःला दोष दिला' आणि 'त्यांनी एकमेकांना दोष दिला' ह्यातला फरक तर रिलीज फसल्यावरच्या मीटिंगला बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. (पहिला प्रकार मी अजून पाहिलेला नाही.)

किंवा हे घ्या. आख्ख्या टीमला मेल, 'प्लीज अपडेट द शीट युवरसेल्फ'. अर्ध्या लोकांना वाटलं हे 'टु'मध्ये पहिलं नाव असलेल्याला सांगितलंय. अनेकांना सांगायचं तर 'युवरसेल्व्ज' हवं. आजच्या प्रमाण इंग्रजीत 'यू' म्हणजे तूही आणि तुम्हीही, समोर एक जण आहे की दहा हे 'यू'वरून कळतच नाही. ते कळतं फक्त युवरसेल्फ-युवरसेल्व्जमध्ये. इंग्रजीने एवढी एकच खिडकी उघडी ठेवलीय आणि आपण तीही लावून घेतो.

म्हणून व्याकरण शिकाच. 'आय एन्जॉइड अ लॉट' ऐवजी 'एन्जॉइड मायसेल्फ' म्हणा. 'लॅपटॉप विथ मायसेल्फ' आणू नका, 'विथ मी' आणा. जवळ असणं, सोबत असणं ह्याला सेल्फ लागत नाही. एका रविवारात होतं सगळं. पण शिकणं वेगळं आणि त्याचा दांडका करून दुसऱ्याच्या डोक्यात घालणं वेगळं.

जाता जाता, हसणाऱ्यांसाठी एक आरसा. 'तो त्याच्या घरी गेला' आणि 'तो आपल्या घरी गेला'. आपल्या मराठीत ही दोन वेगळी वाक्यं होती. पहिल्यात घर दुसऱ्याचं, दुसऱ्यात स्वतःचं. इंग्रजीला हे एका शब्दात जमत नाही, 'ही वेंट टु हिज हाऊस' म्हटलं की घर कुणाचं ते अंदाजाने ओळखायचं. ही बारीक सोय आपल्याकडे फुकट आहे. आता तुमचं-माझं रोजचं मराठी ऐका. 'त्याने त्याच्या आईला फोन केला.' 'तिने तिची गाडी विकली.' अरे, कुणाच्या आईला? कुणाची गाडी? इंग्रजीची 'हिज-हर' सवय लागली आणि आपला 'आपला' आपणच हरवून बसलो. आत्मवाचक सर्वनाम चुकतं म्हणून त्या मुलाला हसणारे आम्ही तिघंही मातृभाषेत दिवसातून दहा वेळा तेच सर्वनाम चुकतो. आमचं कम्युनिकेशन कुणी तपासायचं?

असो. पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे कुणाला वाटू नये की मी नुसताच तत्त्वज्ञान झाडतोय. सोमवारी मी एचआरला मेल लिहिली, की त्या उमेदवाराचं माझ्याकडचं मत बदलायचंय, पुन्हा बोलवा. उत्तर आलं की जागा भरल्या आहेत, प्रोफाईल डेटाबेसमध्ये ठेवलंय. हा डेटाबेस म्हणजे काय विहीर असते ते आपल्याला माहितीये. मी शनिवारीच सही न करता दोन मिनिटं भांडलो असतो तर कदाचित वेगळं झालं असतं. नाही भांडलो. हसलो.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. मुलाखतीला बसलो की आधी मीच ओळख देतो, "हॅलो, आय अॅम अमुक." समोरच्याला नमुना मिळतो, निम्मे लोक आपोआप तसंच उत्तर देतात. आणि 'अबाउट युवरसेल्फ' विचारणं बंद केलंय. सरळ विचारतो, प्रोजेक्टमध्ये काय केलंस? माणूस कामावर बोलायला लागला की मायसेल्फ वगैरे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आणि तरी कुणी म्हणालाच, तर मुलाखत संपल्यावर बाहेरपर्यंत सोडायला जातो आणि हळूच सांगतो. मराठीत. हॉस्टेलवरच्या मित्राने मला सांगितलं होतं तसं.

ता.क. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. अप्रेझल मार्चमध्ये आहे. :-)